हात लावीन तिथे आराम?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये फिजिओथेरपीचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली अशी : ‘अरे, साधा हातसुद्धा लावला नाही! अर्धा तास नुसते प्रश्न, मग दोन व्यायाम शिकवले आणि म्हणे, पुढच्या आठवड्यात या. एवढ्यासाठी फी द्यायची?’ दुसरी बरोब्बर उलटी : ‘आठ महिने जातेय गं. पालथं पडायचं, त्या पाठ मस्त दाबून देतात, उठताना स्वर्ग वाटतो. पण दोन दिवस झाले की पाठ परत पहिल्यासारखी!’

दोघांची खुर्ची तीच, लॅपटॉप तोच, ट्रॅफिकही तोच. एकाला हात मिळाला नाही म्हणून राग, दुसरीला हाताशिवाय चालेनासं झालंय म्हणून वैताग. मग खरं काय? दुखऱ्या मानेवर, पाठीवर, खांद्यावर फिजिओने हात लावावा की नाही? गंमत म्हणजे या प्रश्नावर खुद्द फिजिओ मंडळींमध्येही गेली काही वर्षं जुंपलेली आहे. एक गट म्हणतो, हातात कला आहे. दुसरा म्हणतो, पेशंटला आडवं पाडून दाबत बसलात तर तो स्वतःच्या पायावर उभा कधी राहणार? भांडण त्यांचं असलं तरी पाठ आपली आणि पाकीटही आपलंच. तेव्हा जरा समजून घेऊ या.

चोळून बरं करणारी माणसं

आपल्याकडे दुखण्यावरचा पहिला उपाय हाच होता. हात! पडलं-झडलं की आजीची तेलाची वाटी, मुरगळलं की हाडवैद्य, बाळंतिणीला मालिशवाल्या बाई, चौपाटीवर चंपीवाला. आणि पाठीत उसण भरली तर? मग गावात पायाळू माणूस शोधायचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीवरून पाय फिरवला की उसण उतरते, अशी आपली जुनी समजूत. आज हसू येतं, पण जरा थांबा. पुष्कळांना त्याने बरं ‘वाटायचं’ हे खरं आहे. का वाटायचं, याचं उत्तर पुढे येईलच.

आधुनिक फिजिओथेरपीचा जन्मही मालिशमधूनच झालाय, बरं का. 1894 मध्ये इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिश करणाऱ्यांची संस्था काढली. त्या काळी लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालायचे, त्यामुळे प्रामाणिक काम करणाऱ्या बायकांची बदनामी होत होती. म्हणून या चौघींनी परीक्षा ठेवली, नियम घातले. तीच संस्था आज ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टची मुख्य संस्था आहे. आपल्याकडे 1953 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं.

पुढे या हातांना शास्त्राची शिस्त आली. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या जेफ्री मेटलंड यांनी सांधा किती आणि कुठवर हलवायचा याच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर इतकी हलकी हालचाल की बघणाऱ्याला दिसणारही नाही. चौथ्या पायरीवर हालचाल लहानच, पण सांध्याच्या शेवटच्या टोकाला. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची तऱ्हा आणखी वेगळी. फिजिओने सांध्याला बाजूने आधार द्यायचा आणि त्याच वेळी पेशंटने स्वतः हात किंवा पाय हलवायचा. म्हणजे काम दोघांचं!

आणि याच न्यूझीलंडमध्ये 1956 मध्ये एक मजेशीर अपघात झाला. वेलिंग्टनच्या रॉबिन मॅकेन्झी यांच्या क्लिनिकमध्ये एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. कंबर मागे वाकलेली, तीही चांगली पाच मिनिटं. मॅकेन्झी आत आले आणि हादरलेच. पेशंट मात्र म्हणाला की पायातलं दुखणं गेलंय! कुणी हात लावला नव्हता. त्यातून मॅकेन्झींनी अशी पद्धत उभी केली की ज्यात पेशंट स्वतःच स्वतःची पाठ हाताळतो. म्हणजे ‘हात लावा’ आणि ‘हात लावू नका’ हे दोन्ही सूर एकाच शहरातून निघाले म्हणायचे, कारण मलिगनही वेलिंग्टनचेच!

हात नेमकं करतो काय?

आता मुद्द्याचं. फिजिओ दाबते, ओढते, सांधा हलवते, तेव्हा आत काय होतं? आपल्या डोक्यातलं चित्र साधारण असं : मणका सरकला होता, तो ‘जागेवर बसवला’. किंवा स्नायूत गाठ होती, ती ‘फोडली’. चित्र छान आहे, पटतंही. अडचण एवढीच की ते बहुतेक वेळा चूक आहे.

मणके काही देवळातल्या उतरंडीसारखे एकावर एक ठेवलेले नसतात की धक्का लागला आणि एक सरकला. जाड, चिवट बंधांनी ते घट्ट बांधलेले असतात. आणि तो ‘कट्ट’ आवाज? 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा एमआरआय मशीनमध्ये ओढून तो आवाज होताना प्रत्यक्ष पाहिला गेला. सांध्यातल्या द्रवात वायूची एक पोकळी तयार होते, त्या क्षणी आवाज येतो. हाड ‘बसल्याचा’ त्याच्याशी संबंध नाही. आवाज आला म्हणजे काम झालं आणि नाही आला म्हणजे पैसे वाया, असंही नाही.

गाठी फोडण्याचंही तसंच. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पडदा किंवा तळपायाचा पट्टा हाताने जेमतेम एक टक्का दाबायचा तर किती जोर लागेल, याचं गणित 2008 मध्ये मांडलं गेलं. उत्तर आलं की माणसाला सोसणार नाही इतका. म्हणजे अंगठ्याने रगडून आपण आतलं कापड ‘सैल’ करतोय, हा समज गणितात बसत नाही.

मग बरं का वाटतं? इथे खरी गंमत आहे. हात काम करतो तो मुख्यतः आपल्या मज्जासंस्थेवर.

ढोपर टेबलाला आपटलं की आपण काय करतो? लगेच चोळतो. कुणी शिकवावं लागत नाही. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात यामागचा सिद्धांत मांडला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचा आणि दाबाचा निरोप जाड नसांतून झपाट्याने येतो आणि दुखण्याच्या निरोपासाठी ते फाटक थोडं बंद करतो. वरून मेंदूचाही या फाटकावर ताबा असतो. सिद्धांतातल्या बारीकसारीक गोष्टी नंतर बदलल्या, पण दुखण्याचा निरोप वाटेत कमी-जास्त करता येतो, ही मूळ कल्पना टिकली.

शिवाय आपल्या केसाळ त्वचेत काही खास बारीक नसा असतात. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर अशा संथ गतीने आणि अंगाइतक्या ऊबदार हाताने कुरवाळलं की त्या सर्वांत जास्त जाग्या होतात. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते ना, अगदी तीच गती! ‘काळजी करू नकोस, मी आहे’ हे शब्दांशिवाय सांगणारी ही यंत्रणा. घाबरलेलं शरीर आखडून धरतं. त्याला हा निरोप मिळाला की ते जरा सोडतं.

तिसरी गोष्ट म्हणजे अपेक्षा. 2008 मध्ये निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. पाठीवर तेच तंत्र वापरलं, पण काहींना आधी सांगितलं की याने दुखणं कमी होतं आणि काहींना सांगितलं की याने वाढतं. ज्यांना ‘वाढतं’ असं सांगितलं, त्यांना नंतर कमरेत खरोखरच जास्त दुखलं. हात तोच, शब्द वेगळे! आता आपला पायाळू माणूस आठवा. स्पर्श, हालचाल, आजूबाजूला जमलेले चार जण आणि ‘आता उतरणारच’ हा विश्वास. उसण तशीही बऱ्याचदा थोड्या दिवसांत आपोआप कमी होते. एवढं सगळं जुळून आल्यावर पाठ हलकी वाटली तर नवल ते काय?

म्हणून ‘मनाचे खेळ आहेत सगळे’ असं म्हणून हात झटकू नका. दुखणं शेवटी मज्जासंस्थाच ठरवते, त्यामुळे मज्जासंस्थेवरचा परिणाम हा खराच परिणाम. फक्त त्याचा एक गुणधर्म ध्यानात ठेवायचा. तो फार काळ टिकत नाही. काही तास, काही दिवस. फाटक बंद होतं तसं पुन्हा उघडतंही.

मग या खिडकीचं करायचं काय?

सगळा खेळ इथेच आहे, दोस्तहो. हाताने दुखणं थोडा वेळ उतरलं की एक छोटी खिडकी उघडते. त्या खिडकीतून तुम्ही बाहेर पडलात, म्हणजे जी मान तीन आठवडे वळवली नव्हती ती वळवलीत, जो खांदा वर न्यायला घाबरत होतात तो वर नेलात, वाकून मोजे घातलेत, तर मेंदूला नवी बातमी मिळते : ‘अरे, हे करता येतंय की!’ रोज थोडी थोडी अशी बातमी मिळाली की स्नायूंची ताकद वाढते आणि भीती उतरते. पण खिडकी उघडल्यावर आपण गाडीत बसून घरी गेलो, सोफ्यावर पडलो आणि पुढच्या सिटिंगची वाट बघत राहिलो तर? मग दोन दिवसांनी पाठ पहिल्यासारखी. आठ महिने जाणाऱ्या आपल्या मैत्रिणीचं हेच झालंय.

अभ्यासही साधारण हेच सांगतात. ब्रिटनच्या 2016 च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामासोबतच द्या, एकटे नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच सविस्तर शिफारशी दिल्या. त्यात दुखण्याबद्दल नीट माहिती, व्यायाम, मानसिक आधाराचे उपचार यांच्या जोडीला मालिश आणि मणक्यांच्या हातउपचारांनाही जागा आहे. याउलट कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचं मशीन आणि आपल्याकडे ज्याला ‘करंट घेणे’ म्हणतात त्यातला टेन्स नावाचा प्रकार, हे नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं म्हटलंय. आता आठवून बघा, आपल्याकडच्या किती क्लिनिकमध्ये पडद्याआड मशीन लावून पेशंटला वीस मिनिटं एकटं सोडतात! ज्याला जगाच्या यादीत जागा आहे तो हात बाहेर दुसऱ्या पेशंटकडे आणि ज्याला जागा नाही ते मशीन तुमच्या पाठीवर. फी मात्र तीच.

मानेमुळे होणाऱ्या डोकेदुखीवरचा ऑस्ट्रेलियातला 2002 चा एक अभ्यास बघा. स्क्रीनसमोर बसणाऱ्यांच्या जवळचा विषय. 200 रुग्ण होते. काहींना हाताचे उपचार, काहींना मानेचे खास हलके व्यायाम, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. उपचार घेतलेल्या तिन्ही गटांची डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही फायदा टिकला. दोन्ही घेतलेल्यांत आराम पडणारे किंचित जास्त निघाले, पण फरक ठामपणे सिद्ध होण्याइतका नव्हता. म्हणजे काय, तर हात लावून घेणं हा एक चांगला रस्ता आहे, एकमेव नाही. पहिल्या तक्रारवाल्या मित्राला हे सांगायला हरकत नाही. ज्या फिजिओने अर्धा तास प्रश्न विचारले आणि दोनच व्यायाम नीट शिकवले, तिने त्याला फसवलेलं नाही.

पण त्याच्या रागातही तथ्य आहे, हं! दुखणाऱ्या माणसाला कुणीतरी दुखऱ्या जागी हात लावून ‘इथेच ना?’ असं विचारणं हीच एक मोठी गोष्ट असते. आपलं दुखणं कुणाला तरी ‘कळलं’ असं त्याने वाटतं. न तपासता मोबाइलवर व्यायामाचा व्हिडिओ पाठवून मोकळं होणं म्हणजे आधुनिक उपचार नव्हे, तो नुसता आळस. व्यायाम करायला धीर लागतो आणि तो धीर पुष्कळदा हातातूनच येतो.

शब्दांचा मार

हातापेक्षा जास्त काळ टिकतात ते शब्द. टेबलावर पालथं पडलेल्या माणसाला कुणी सहज म्हणतं, ‘बापरे, किती गाठी आहेत!’ किंवा ‘तुमची गादी सरकलीय’, ‘कंबर जरा बाहेर गेलीय, दर आठवड्याला बसवून घ्यावी लागेल.’ झालं! वयाच्या तिसाव्या वर्षी माणूस स्वतःला काचेचं भांडं समजायला लागतो. बॅग उचलत नाही, ट्रेकला जात नाही, पोराला कडेवर घेत नाही.

खरं काय आहे? 2015 मध्ये तीन हजारांहून जास्त लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. अट एकच, यांपैकी कुणालाही पाठदुखी नको. तरीही तिशीतल्या 52 टक्के लोकांत चकतीची झीज दिसली आणि 40 टक्क्यांत चकती फुगलेली दिसली. यांना काही दुखत नव्हतं! वयाबरोबर केस पांढरे होतात तसाच हा प्रकार. म्हणून एमआरआयच्या रिपोर्टातला एक शब्द धरून कुणी तुम्हाला वर्षभराचं पॅकेज विकत असेल, तर जरा श्वास घ्या आणि प्रश्न विचारा.

हिशेबही करून बघा. समजा एका सिटिंगचे पाचशे रुपये, आठवड्यातून दोनदा, आठ महिने. सुमारे सत्तर सिटिंग, पस्तीस हजार रुपये. एवढं करून तुम्ही स्वतः काय नवीन करू शकताय? याचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर पाठीपेक्षा उपचारात बदल हवाय.

फिजिओला हे विचारा

चांगला फिजिओ प्रश्नांना घाबरत नाही. बिनधास्त विचारा.

1. हा हात तुम्ही कशासाठी लावताय? ‘दुखणं थोडं उतरवून मग आपण हा व्यायाम करणार आहोत’ असं उत्तर आलं तर उत्तम. ‘मणका बसवतोय’ असं आलं तर सावध.

2. किती सिटिंगनंतर आपण आढावा घेणार? दोन-चार वेळांत काहीच फरक नसेल तर योजना बदलायला हवी.

3. घरी मी काय करायचं? यादी दहा व्यायामांची नको, दोन-तीनच, पण रोज जमतील असे.

4. हात लावण्याआधी आणि लावतानाही फरक तपासता का? आधी मान किती वळत होती आणि नंतर किती, हे तुम्हाला स्वतःला दिसलं पाहिजे.

5. कपडे किती काढायचे, कुठे हात लावणार, सोबत कुणी थांबू शकतं का? हे विचारणं हा तुमचा हक्क. मुलींनो, यात ‘ओशाळं कसलं, डॉक्टरच तर आहेत’ असं मनाशी म्हणू नका. नको वाटलं तर मध्येच ‘थांबा’ म्हणा. चांगला फिजिओ आधी सांगून, परवानगी घेऊनच हात लावतो.

6. मानेला झटका देणार असाल तर त्याची गरज काय, धोका काय? मानेच्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा प्रकार विरळा आहे, पण गंभीर आहे. नाही म्हणण्याची मोकळीक तुम्हाला आहे. हलके प्रकारही असतात. आणि सलूनमध्ये दाढीनंतर फुकटात मिळणारा मानेचा ‘कटकट’ मसाज? तिथे तर सरळ हात जोडा.

हात नको, डॉक्टर गाठा

काही वेळा मात्र मालिश, फिजिओ, पायाळू सगळं बाजूला ठेवून तडक डॉक्टरकडे जायचं. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर एक रात्रही थांबू नका. पाठदुखीबरोबर ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय, मोठा अपघात किंवा पडणं झालंय, रात्री कुठल्याही कुशीवर चैन नाही, अशा वेळी कुणालाही पाठ चोळू देऊ नका. आधी तपासणी.

बाकी आपली नेहमीची धरलेली मान आणि अवघडलेली पाठ? तिला हात जरूर मिळू द्या. घरातल्या माणसाने संध्याकाळी दहा मिनिटं पाठ चोळून दिली तर तेही झकास, त्याला ना अपॉइंटमेंट लागते ना पार्किंग. फक्त नंतर लगेच आडवं होऊ नका. चपला घाला आणि सोसायटीला दोन चकरा मारून या. त्या वेळी पाठ जरा हलकी असते. चालायला सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही.